खरखर थांबली ती संध्याकाळ

आमच्या घरात देवाची पूजा आई करायची आणि रेडिओची तात्या. आईची पूजा चुलीवर तवा तापेपर्यंत आटोपायची. तात्यांच्या पूजेला मात्र घाई चालत नसे. दिवेलागणीला हातपाय धुऊन ते पाटावर बसत, रेडिओवरचं आईनं शिवलेलं खादीचं आवरण काढून घडी घालत, आणि मग दोन बोटांनी बटण फिरवू लागत. तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. धाकटा भाऊ रडला तर आई त्याला कडेवर घेऊन गोठ्याकडे जायची. स्वयंपाकघरात ज्वारीच्या पिठावर पडणारी तिची थापसुद्धा त्या वेळी हलकी व्हायची. शिट्ट्या, दूर कुठं पाण्यात बोलल्यासारखी माणसं, अनोळखी भाषा, मध्येच एखादं अर्धं गाणं, आणि त्या सगळ्यातून लंडनच्या हिंदी बातम्या वर यायच्या. त्या नीट लागल्या की तात्या डोळे मिटायचे आणि आई भाकरी मोकळेपणी थापायला लागायची. आमच्या घरचं हवामान त्या डब्यावर ठरत होतं, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

तात्या लष्करात सिग्नलमध्ये होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण कडेगावच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर परत आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो, तसे तेही मेजर झाले. लोक त्यांच्याकडे भांडणं घेऊन यायचे. बांध कुणी कोरला, म्हैस कुणाच्या रानात शिरली, असल्या गोष्टी. तात्या दोघांचं ऐकून घ्यायचे आणि एक वाक्य बोलायचे. त्या वाक्यावर दोघं उठून जायचे. "मेजर बोलला म्हंजी संपलं," हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटायचं.

आमची वस्ती रानातच होती. एका अंगाला आमचं घर, गोठ्यापलीकडे बापूकाकांचं. बापूकाका म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ. तात्या नोकरीत असताना सगळं रान त्यांनीच राखलं होतं, ऊस त्यांनीच उभा केला होता, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत.

वस्तीवर वीज आली तेव्हा सगळे खूश झाले, एकटे तात्या सोडून. विजेबरोबर रेडिओत खरखर आली. शॉर्टवेव्हचं असं असतं की फार लांबून आलेला तो नाजूक आवाज घरातल्या साध्या ट्यूबलाइटनंही मरतो. आज माझ्या सांगलीच्या घरात तर एलईडीचा एक दिवा आणि मोबाइलचा एक चार्जर त्याला पुरेसे आहेत. आता कुणाला त्याचं काही वाटत नाही. तात्यांना वाटलं. आणि घरात त्यांच्याबरोबर त्या खरखरीच्या मागे लागलेली एकटी मी होते. मी तेव्हा मॅट्रिकला होते. मुलगी म्हणून मला बाकी कुठल्याच गोष्टीत त्यांनी जवळ केलं नाही, पण या कामात मला त्यांनी बरोबरीनं घेतलं, हे सांगायला हवं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे महिने होते, आणि आता ते आठवताना तोंड कडू होतं.

"आदी आपलं घर धुंडायचं, मग दुसऱ्याचं," तात्या म्हणायचे. आम्ही रेडिओ सेलवर लावून घराचा मेन स्विच पाडला. खरखर निम्म्यानं उतरली. म्हणजे निम्मा चोर घरातच होता. मग एकेक दिवा लावत गेलो तेव्हा पडवीतली ट्यूबलाइट सापडली. तिचा स्टार्टर बदलला. घराच्या भिंतीवरून गेलेली एरियलची तार काढली आणि घरापासून लांब, लिंबाच्या झाडापासून परसातल्या वाशापर्यंत उंच ताणली. तारेच्या दोन्ही टोकांना फुटलेल्या कपांचे कान बांधले, म्हणजे ती झाडाला टेकायची नाही. अर्थिंगसाठी खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ घातलं. त्या खड्ड्यात रोज घागरभर पाणी ओतायचं काम माझं. ते सगळं झाल्यावर लंडन असं लागलं, जणू माणूस आमच्या ओट्यावर बसून बोलतोय. तात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हिला सांगलीला घालायची. रेडिओचा कोर्स करंल." त्या रात्री आईनं शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार जरा मोठी सोडली.

फुलाबाई आमच्याकडे दरवर्षी यायची ती सुगी उलगडल्यावर. ती आणि तिचा नवरा म्हाकू पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले धनगर. मेंढरं घेऊन ते खाली यायचे आणि आमच्या मोकळ्या रानात कळप बसवायचे. लेंड्यांचं खत रानाला मिळायचं, त्यांना चारापाणी. ओढ्याच्या अलीकडे त्यांचा तळ पडायचा. फुलाबाई उंच, काटक, आणि बोलायला कुणाला न भिणारी. कडेवर चार वर्षांचा सिदू. संध्याकाळी ती आईकडं ताक न्यायला यायची, आणि एखादी मेंढी व्याली असली की चिकाचा तांब्या घेऊन यायची. आई त्याचा खरवस करायची. तात्यांच्या रेडिओसमोर आवाज करायची हिंमत वस्तीत तिचीच होती. एकदा बातम्या चालू असताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आवं मेजर, ह्यो डब्यातला बाबा रोज कुणाव खेकसतोय?" मला वाटलं, आता काही खरं नाही. पण तात्या हसले. मी त्यांना हसताना फार थोड्या वेळा पाहिलं, त्यातली ती एक.

त्याच दिवसांत नवी खरखर सुरू झाली. तव्यावर ओल्या शेंगा टाकाव्यात तशी तडतड, मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. आम्ही मेन स्विच पाडून बघितला, फरक पडला नाही. म्हणजे चोर बाहेरचा होता.

तात्यांनी मला लहान ट्रान्झिस्टर घेऊन रानात बोलावलं. भर दुपारची वेळ होती. त्यांनी तो उघडून आतली, आवाज पकडणारी काळी कांडी दाखवली. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला आणि ट्रान्झिस्टर हातात सपाट धरून हळूहळू फिरवला. खरखर वाढली, कमी झाली, आणि एका दिशेला जवळजवळ गप्प झाली. "आवाज जिकडं मरतो तिकडं बघ," ते म्हणाले. "ह्या कांडीच्या टोकाला चोर असतोय. ह्या टोकाला न्हाईतर त्या." मग आम्ही विहिरीपाशी जाऊन पुन्हा तसंच केलं. दोन्ही ठिकाणांहून नजरेनं रेघा ओढल्या तर त्या ओढ्याकाठच्या बाभळीपाशी मिळत होत्या. मी पुढं धावत गेले.

बाभळीवरून विजेची लाइन जात होती. तिच्यावर चोरून वीज घ्यायला एक आकडा टाकलेला होता. तिथून एक तार खाली येऊन बाभळीच्या काटक्यांवरून, मग बांधावर रोवलेल्या मेढक्यांवरून ओढ्याकडे गेली होती. तिथं बापूकाकांनी वरच्या उसासाठी एक लहान मोटर बसवली होती. परतीच्या तारेऐवजी जमिनीत नुसती पहार ठोकलेली. तारेला मध्ये दोन सांधे होते, चिंधीनं बांधलेले. वारा आला की आकडा लाइनवर हलायचा आणि ठिणगी पडायची. प्रत्येक ठिणगीबरोबर माझ्या हातातला ट्रान्झिस्टर तडतडत होता. मला केवढा आनंद झाला होता. आम्ही शोधून काढलं होतं. मी तात्यांकडं वळले, तर ते रेडिओकडं बघतच नव्हते. ते त्या सांध्याकडं आणि खालच्या बांधाकडं बघत होते. उसाला पाणी चालू होतं. बांध ओलाकिच्च होता.

त्या संध्याकाळी ते काकांच्या ओट्यावर गेले. मी गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते, मला सगळं ऐकू आलं.

"बापू, त्यो आकडा काढ."

"दादा, तुला बातम्या ऐकाय येत न्हाईत म्हणून मी ऊस वाळवू व्हय?"

"बातम्यांचं न्हाई. सांधं उघडं हायती. वल्ल्या बांधाव माणूस चिकटंल."

"आमी बघून चालतो."

"आन बाकीची?"

"बाकीच्यांनी जायचंच कशाला तिकडं? कनेक्शन मागितलंय, आलं की काढतो. तू फौजंत हुतास तवा ह्ये रान कुणी राखलं, ते जरा आठव."

तात्या उठून आले. मी म्हटलं, "तात्या, वायरमनला सांगूया." ते म्हणाले, "घरातलं घरात." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शिडी धरायला लावली, लिंबावरची एरियलची तार सोडली आणि दुसऱ्या अंगाला, आडवी नेऊन ताणली. त्यामुळे बाभळीकडून येणारा आवाज तारेला कमी लागायला लागला. खरखर पुष्कळ उतरली. लंडन पुन्हा ऐकू येऊ लागलं. आकडा होता तिथंच होता. म्हाकूला आणि फुलाबाईला तिकडं जाऊ नका, एवढंसुद्धा कुणी सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. मी निघाले होते सांगायला. तात्यांनी मला उंबऱ्यातूनच मागं वळवलं. म्हणाले, "मी बोलतो म्हाकूशी." मेजर बोलतो म्हटल्यावर मी निर्धास्त झाले.

पुढच्या आठवड्यात, दुपार कलत असताना, बापूकाका ओरडत वस्तीवर आले. उसात शिरलेलं कोकरू काढायला फुलाबाई बांधावरून गेली होती आणि तिथंच पडली होती. तात्या आणि काकांचा गडी धावले. तिला उचलून आमच्या अंगणात आणली तेव्हा ती गेलेलीच होती. काका घामाघूम झाले होते, आणि कुणी विचारायच्या आधीच सांगत होते, "पान लागलं. उसात मोठं जनावर हाय, मी परवाच बघितलं." आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. म्हाकू विट्याच्या बाजाराला गेला होता. त्याला आणायला काकांनी गड्याला सायकलवर पिटाळलं आणि स्वतः पुन्हा ओढ्याकडं गेले.

आईनं फुलाबाईला न्हाऊ घातलं. मी पाणी काढून देत होते. तिच्या उजव्या तळव्यावर आडवा काळा चट्टा होता, कातडी आत गेलेली. पाय मी दोन्ही बघितले, दाताची खूण कुठंच नव्हती. मी आईकडं बघितलं. आईनं हळदीची वाटी जवळ ओढली आणि सवाष्णीला लावतात तशी हळद तिच्या दोन्ही हातांना लावली. उजव्या हाताला जरा जास्त लावली आणि ती मूठ मिटून लुगड्याखाली ठेवली. "जा, सिदूला काहीतरी खायाला दे," ती म्हणाली.

सिदूला मी भाकरी आणि गूळ दिला. तो पायरीवर बसून खाऊ लागला. मग मी माजघरात गेले. वीज होती, बटण दाबून बघितलं, दिवा लागला. मी ट्रान्झिस्टर लावला, स्टेशन नसलेल्या जागी काटा आणला, आणि तात्यांनी शिकवलं होतं तसा तो हातावर धरून सगळीकडं फिरवला. कुठूनही तडतड आली नाही. एरियल वळवल्यावरही जी बारीक खरखर उरलेली होती, तीसुद्धा नव्हती. इतका स्वच्छ तो कधीच लागला नव्हता. आकडा काढला होता. बाई अंगणात होती, तिचा नवरा अजून वाटेत होता, आणि आकडा काढून झाला होता.

मागून तात्यांचा हात आला आणि त्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला. त्यांनीही ती शांतता ऐकली होती. त्यांच्यासारख्या माणसाला ती कळली नाही असं कसं म्हणू? आम्ही एकमेकांकडं बघितलं. मी वाट बघत होते की आता ते बाहेर जातील आणि एक वाक्य बोलतील.

म्हाकू आला तेव्हा दिवस मावळायला आला होता. तो रडला नाही. फुलाबाईच्या उशाशी बसला, तिच्या कपाळावर हात ठेवला, मग काकांचं सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर तो तात्यांकडं वळला.

"मेजर, तुमी सांगा. कशानं गेली?"

अंगणात वस्तीवरची सगळी माणसं होती. तात्या म्हणाले, "साप असंल म्हाकू. उसात असत्यात."

मी पुढं झाले. "साप न्हाई. तारंला चिकटली. काकांनी आकडा टाकला हुता, आत्ता काढलाय. तिचा हात बघा."

आई खाली बघत होती. काका म्हणाले, "पोरीला आवर दादा." तात्यांचा आवाज चढला नाही. रोज पंचायतीला बसल्यासारख्याच आवाजात ते म्हाकूला म्हणाले, "रेडिओच्या नादानं डोकं फिरलंय तिचं. मनाव घिऊ नगंस."

म्हाकूनं माझ्याकडं बघितलं, मग तात्यांकडं. त्यानं हात उघडून बघितला नाही. "बरं," एवढंच म्हणाला. अंधार पडायच्या आत ओढ्यापलीकडं माती दिली. दोन दिवसांनी कळप हलला, आणि त्यानंतर त्या माणसांनी आमच्या शिवारात कधी पाऊल टाकलं नाही.

मला सांगलीला पाठवलं ते मावशीकडे, कोर्सला नव्हे. वर्षाच्या आत लग्न झालं. नवरा चांगला होता, संसार चारचौघींसारखा झाला, त्याबद्दल या प्रकरणात लिहिण्यासारखं नाही. बापूकाकांचं कनेक्शन आलं. पुढं ते गावच्या सोसायटीवर निवडून आले. म्हातारपणी अंथरुणातच झोपेत गेले. वाईट माणसाचं वाईट होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या वस्तीवर यावं.

तात्यांना मात्र पुढं कितीतरी वर्षं रेडिओ स्वच्छ लागला. ते नव्वदीच्या पुढं जगले. मी दिवाळीला जायची, आईसाठी. आई गेल्यावर तेही कमी केलं. मग घरोघरी एलईडी आले, चार्जर आले, इन्व्हर्टर आला, आणि तात्यांची खरखर परत आली. ते मला फोन करायचे. "नुसती घर्र हाय. काय करू?" मी सांगायची, सगळे दिवे बंद करून एकेक लावा, चार्जर भिंतीतून काढा, रेडिओ सेलवर लावा, खिडकीशी घेऊन बसा. ते सांगितलेलं करायचे आणि फोनवरच मला ऐकवायचे. त्याव्यतिरिक्त आम्हा बापलेकीत दुसरा विषय उरला नव्हता. एकदाच, असंच खरखरीचं बोलून झाल्यावर, मी विचारलं, "तात्या, त्या दिवशी म्हाकूला असं का सांगितलंत?" मला वाटलं, ते कशाबद्दल म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "भाऊ हुता त्यो माजा. आन ती माणसं आज हितं, उद्या तितं." मग म्हणाले, "मधला दिवा बंद केल्याव जरा बरं लागतंय."

गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला गावानं शोकसभा घेतली. माइकवर एकामागून एक माणसं येत होती आणि मेजर कसे एकवचनी होते, त्यांचा शब्द म्हणजे कसा कोर्टाचा निकाल होता, हे सांगत होती. मी बायकांमध्ये मागं बसले होते. मंडपाच्या कडेला एक पन्नाशी ओलांडलेला माणूस उभा होता. डोक्यावर टोपी, पायात धुळीनं भरलेले बूट. सभा संपली तसा तो सरळ माझ्याकडं आला.

"मेजरची थोरली लेक तुमीच न्हवं? मी सिदू. म्हाकूचा."

तेवढं अंतर कापून दहाव्याला आलास, असं काहीतरी मी म्हणाले.

"दहाव्याला न्हाई आलो, अक्का. तुमाला बघाय आलो. आमचा म्हातारा मरुस्तवर म्हणायचा, त्या वस्तीव एकच माणूस खरं बोललं, आन ती पोर हुती."

"म्हंजी म्हाकूमामांना पटलं हुतं?"

"त्यानं हात बघितला हुता. माती द्यायच्या आदी."

"मग बोलले का न्हाईत?"

सिदूनं माइकच्या दिशेनं बघितलं. तिथं अजून दोन-चार पुढारी उभे होते. "कुणाला बोलायचं? मेजरनं साप म्हणल्याव सापच की त्यो."

मी त्याला आत चहाला बोलावलं. तो नको म्हणाला. नमस्कार केला, मंडपाबाहेर लावलेल्या मोटरसायकलवर बसला आणि गेला. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. एवढी वर्षं मी समजत होते की माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आता कळलं की ज्यानं ठेवायचा त्यानं ठेवला होता, आणि तरीही काही झालं नव्हतं. हे जास्त वाईट होतं.

माझ्या भावाचा मुलगा पाहुण्यांना पाणी देत देत माझ्याजवळ आला. "आत्या, कोण गं ते? जेवायला नाही थांबले?"

"सिदू," मी म्हटलं. "त्याची आई आपल्या रानात मेली. बापूकाकांच्या तारेला चिकटून. तुझ्या आजोबांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी साप म्हणून सांगितलं."

तो शिकलेला पोरगा आहे, पुण्यात मोठ्या नोकरीवर. त्यानं आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं नाही ना म्हणून. मग हातातला तांब्या खाली ठेवून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे आत्या," तो म्हणाला. "घरातलं घरात."